सोळा खाचा

"आजोबा, माझा धागा परत तिथूनच चाललाय."

"तिथून म्हणजे कुठून?"

"वरून गेलेला ना, तो परत वरूनच. आणि खालचा खालूनच!"

म्हाताऱ्याने ताटली हातात घेतली. चष्मा वर केला, खाली केला. पुठ्ठ्याची साधी ताटली, काठाला सोळा खाचा, आणि प्रत्येक खाचेपासून मधल्या भोकापर्यंत ताणलेला दोरा, सायकलच्या चाकातल्या तारांसारखा. एका तारेच्या वरून, दुसरीच्या खालून लोकर गोल गोल न्यायची. एवढंच तर काम. पण खरंच की, दुसऱ्या फेरीला लोकर ज्या तारेवरून आधी गेली होती तिच्याच वरून पुन्हा निघाली होती. वीण म्हणून धरतच नव्हती. बोट लावलं की ढेपाळायची.

"नीट घाला रे. एक वर, एक खाली."

"तसंच घातलंय!" समोरच्या दहाही पोरांनी एका सुरात गलका केला.

चाळीस वर्षं त्याने गिरणीत कापड विणलं होतं. एकट्याने चार साचे, म्हणजे माग, सांभाळले, तुटलेला धागा न बघता जोडला. आणि आता पाच वर्षांच्या पोरांपुढे त्याची मती गुंग झाली होती. खाचा त्यानेच कापल्या होत्या, जोडीजोडीने मोजून, हातच्या सवयीने.

बालवाडी लेकीची. आई गेल्यापासून बाबा खिडकीशी बसलेले असायचे. जेवता का? बघू. फिरायला जाता का? बघू. शेवटी तिने बुधवारचा विणकामाचा तास त्यांच्या गळ्यात घातला. "जमलं तर दर बुधवार तुमचा," म्हणाली. नाही जमलं तर काय, ते ती भावाला फोनवर सांगत होती, "हे शेवटचं करून बघते रे. नाहीतर तू घेऊन जा त्यांना." म्हाताऱ्याचे कान अजून शाबूत होते.

तेवढ्यात भिंगरीने भोकाड पसरलं. एका जागी न बसणारी म्हणून भिंगरी. "माझी फाटलीऽ!"

दोन खाचांमधला पुठ्ठा फाटून दोन तारा एकमेकींना चिकटल्या होत्या. भिंगरीबाईंनी रडता रडता त्या दोन्ही मिळून एकच तार धरून लोकर पुढे नेली होती. आणि तिचीच वीण घट्ट बसली होती! पहिल्या फेरीला जिच्यावरून, दुसरीला तिच्या खालून.

म्हातारा बघतच राहिला. गिरणीत दोन धागे एकत्र चालले की तो दोष. अख्खा ताका परत यायचा आणि वर शिव्या. इथे दोषाचीच तेवढी वीण उभी राहिली होती.

त्याने बाकीच्या एकेकाची ताटली ओढली आणि शेजारशेजारच्या दोन तारांना मिळून गाठ मारली. प्रत्येक ताटलीत एकच गाठ.

"आजोबा, हे चूक आहे ना?"

"चूकच आहे."

"मग?"

"आज चूकच करायची. चला, उसवा आणि घाला पहिल्यापासून."

बारा वाजता दहा रंगीत चकत्या हातात नाचवत पोरं आयांबरोबर गेली. लेक आत आली. "बाबा, सगळ्यांना जमलं की! काय केलंत?"

"मलाच ठाऊक नाही गं. सोळा तारा, तर होत नाही. दोघींची एक केली, की होतं. कापडाला असली खोड नाही. सोळा घे, सतरा घे, ते मुकाट विणलं जातं."

"असू दे. घरी चला, जेवण निवतंय."

"थांब. हे मला कळलं पाहिजे."

तो बुटक्या खुर्चीवर बसला होता, गुडघे छातीशी. त्याने कोरी ताटली घेतली आणि कात्रीने खाचा पाडू लागला. ओठ हलत होते. चौदा. पंधरा, ही बिनजोडीची. हात थांबला.

"ताई, झाडू का?" दारातून मावशींनी विचारलं.

"थांबा मावशी, बाबा कामात आहेत," लेक म्हणाली.

मावशींनी झाडू भिंतीला टेकवला आणि पदर सावरून त्या उंबऱ्यावर बसल्या.