घसा बरा झाला

चहाचा पहिलाच घोट रमाबाईंच्या नाकातून बाहेर आला.

"हळू पे वं," देवानंद म्हणाले. हातमोजा घातलेल्या हातानं त्यांनी बायकोचं नाक पुसलं. दुसरा घोटही तसाच आला. रमाबाई ओशाळल्या.

"मी गिळते बरोबर, पण खाली जातच नाही," त्या म्हणाल्या. आवाज गेंगाणा झाला होता, दुसरंच कुणी बोलत असल्यासारखा.

घसा तर बरा झाला होता. भाच्याचं लग्न आटोपून दोघं नागपूरहून अमेरिकेत चँडलरला लेकीकडे आली, तेव्हापासून रमाबाईंचा घसा दुखत होता. विमानातल्या गारठ्यानं असेल म्हणून त्यांनी मिठाच्या गुळण्या केल्या. पहिल्या डॉक्टरनं साधं इन्फेक्शन म्हणून गोळ्या दिल्या. मग मान अशी सुजली की हनुवटी आणि छाती एक झाली. श्वास घरघरायला लागला. इस्पितळात टॉर्च धरून पाहिलं, तर घशात राखाडी पापुद्रा चिकटलेला. जरा हलवला की रक्त. तिथल्या कुणी असा पेशंट आजवर प्रत्यक्ष पाहिला नव्हता. या रोगाच्या विषावरचं औषध सरकारी साठ्यातून मागवावं लागलं, ते विमानानं आलं.

"बाबा, डिप्थीरिया म्हणतायत," उपासना म्हणाली होती. "मराठीत काय म्हणतात माहीत नाही."

"घटसर्प."

देवानंदांना तो शब्द ठाऊक होता. रमाबाईंची पाठची बहीण त्यानंच गेली होती. त्या काळी त्यांच्या वस्तीत लस टोचायला कुणी फिरकत नसे. पुढे रमाबाई अंगणवाडीत मदतनीस झाल्या, आणि उभी हयात लोकांची रडणारी पोरं मांडीवर धरून त्यांनी टोचून घेतली. मोठ्यांनाही डोस लागतो, हे त्यांना कधी कुणी सांगितलं नाही.

आरोग्य खात्याचा फोन आला. कुणाकुणाला भेटलात? रविवारी बुद्धवंदनेला जमलेल्या सगळ्या घरांतून घशाचे नमुने घेतले गेले, पोरांनासुद्धा गोळ्या सुरू झाल्या. नंतर त्या घरांतून फारसे फोन आले नाहीत.

"आपल्यापायी लोकांना ताप," रमाबाई एवढंच म्हणाल्या.

चहाचं कळल्यावर डॉक्टर अनिका आली. आईवडील पुण्याचे, जन्म इथला. ईसीजीची पट्टी हातात घेऊन ती देवानंदांना कोपऱ्यात घेऊन गेली.

"काका, घसा ओके आहे. पण विष आधीच हार्टला लागलं. नर्व्हजला पण. आपलं औषध फक्त फिरणारं विष पकडतं. चिकटलेलं नाही."

"मग आता कोणतं औषध?"

"आता वेट करायचं, काका." तिला मराठी तेवढीच येत होती, आणि तेवढी पुरली.

ठोके मंदावले म्हणून मानेतून तार घातली. यंत्र ठोके देत होतं, पण हृदयच ते पेलेना. दुसऱ्या दिवशी दुपारी रमाबाई म्हणाल्या, "उपासनाला जेवून घे म्हणा, सकाळपासून उपाशी आहे पोरगी." देवानंदांनी काचेपलीकडच्या लेकीला खूण केली. ती खाली कँटीनला गेली.

ती गेली आणि यंत्र वाजायला लागलं. नर्सा धावल्या. अनिकानं छाती दाबली, दुसरीनं दाबली. मग एकेकीचे हात थांबले. देवानंदांनी बायकोचे पाय धरले होते. ते हातमोज्यातूनही गार लागले.

उपासना परत आली तेव्हा खोलीचा पडदा उघडाच होता. काचेपलीकडून तिनं नुसती मान हलवून विचारलं, काय?

घशात जंतू उरले नाहीत ना, याचा शेवटचा रिपोर्ट अजून यायचा होता. अंगावरचं सगळं उतरवल्याशिवाय बाहेर पाऊल टाकायचं नाही, असं देवानंदांना शिकवलं होतं. त्यांनी हातमोजे काढून डब्यात टाकले. गाऊनची पाठीमागची गाठ चाचपली. ती सुटेना. लेक काचेला हात लावून पाहत होती, आणि ते तिच्याकडे पाठ करून गाठ सोडत राहिले.