हलकी बॅटरी

"भावजी, ही नका नेऊ. होरी लहान हाय," बाळाराम दुसऱ्यांदा म्हणाला.

जयदेवला ते ऐकू गेलं नाही, की त्याने ऐकून घेतलं नाही, हे कळायला मार्ग नव्हता. लॉरीची ती जुनी बॅटरी पोटाशी धरून तो चिखलातून गेला आणि त्याने ती होडीत ठेवली. होडी तेवढ्यानेच खाली बसली.

दिवा गावाच्या कोळीवाड्यात जयदेवसारखा कान कुणाचा नव्हता. वल्हं पाण्यात सोडून दांड्याला कान लावला, की खाली घुमणारे ढोमी मासे कुठे बोलतायत ते तो बोट करून दाखवी, आणि जाळं तिथेच पडे. मग त्याच्या कानांनी साथ सोडली. सोबत वल्हं मारणारा मेहुणा बाळाराम रबाळ्याच्या नव्या कारखान्यात वायरमन म्हणून लागला. त्याच्या जागी जयदेवची बायको कमळी होडीत आली. सकाळी मासळीची पाटी, नंतर वल्हं. अलीकडे पाटीत घालायलाही फारसं काही नसे.

बाळारामने एका मेकॅनिकला धरून हे यंत्र करून घेतलं होतं. रबरात गुंडाळलेला माइक पाण्यात सोडायचा, त्याची वायर लाकडी पेटीत आणि पेटीतून हेडफोनला. टॉर्चच्या सेलांवरही ते चाले, पण आवाज बारीक येई. जयदेवला काहीच कळेना. लॉरीच्या बॅटरीवर मात्र त्याला घमेल्यातल्या पाण्यात कमळीने हलवलेल्या बांगड्या ऐकू आल्या. मग तो कुणाचं ऐकेना.

खाडीच्या मध्यावर त्याने माइक सोडला आणि डोळे मिटले. बराच वेळ काही नाही. एकाएकी त्याचा चेहरा उजळला.

"बोलतान, कमळे! हितंच हायेत!"

त्यांनी जाळं टाकलं. जयदेवने हेडफोन काढला नाही. ओहोटी लागली तसा समोरून वारा उठला, लाटा तोकड्या आणि उभ्या येऊ लागल्या. पहिली लाट काठावरून आत आली. कमळीने डब्याने पाणी उपसलं. दुसरी आली.

"अवो, ती बॅटरी टाका!" ती ओरडली.

जयदेव डोळे मिटूनच बसला होता. खारं पाणी बॅटरीत शिरलं आणि घशात बोचणारा उग्र वास सुटला. कमळी खोकत, रांगत पुढे आली. तिने बॅटरीला हात घातला, पण तिला ती हलेना. जयदेवने डोळे उघडले आणि दोन्ही हातांनी बॅटरी दाबून धरली.

"नको! आता कुठं आयकू येतंय मला!"

बोलून उपयोग नव्हता. कमळीने फक्त होडीतल्या पाण्याकडे हात केला. ते तिच्या पोटऱ्यांपर्यंत आलं होतं.

जयदेवने पाण्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्याने स्वतःच वायर उपटली. तिला मागे सरून तोल सांभाळायची खूण केली आणि बॅटरी उचलून काठावरून सोडली. होडी कलली, थरथरली, वर आली.

जाळं ओढलं तेव्हा त्यात ढोमीच ढोमी होती. होडीत मावतील तेवढी घेऊन बाकीची त्यांनी सोडून दिली.

किनाऱ्यावर बाळाराम उभा होता. अ‍ॅसिडने जयदेवची नडगी लाल झाली होती. होडीतून उतरताच त्याने पेटी पुढे केली.

"बाला, सेल जोड पेटीला."

बाळाराम त्याच्या कानाशी वाकला. "भावजी, त्याच्यावर तुमाला नाय आयकू येनार."

"तिला येल."

दुसऱ्या दिवशी वारा पडला होता. खाडीत पोचल्यावर जयदेवने माइक सोडला आणि हेडफोन कमळीपुढे धरला. ती मागे सरली.

"बायामानूस कधी पान्यातलं मावरं आयकते का? लोक हसतील."

शब्द त्याला कळले नसावेत, पण तिचं तोंड कळलं. त्याने तिच्या डोक्यावरचा पदर मागे सारला, हेडफोन तिच्या कानांवर नीट बसवला आणि तिच्या हातातलं वल्हं काढून घेतलं. आवाज होऊ नये म्हणून ते त्याने पाण्याबाहेर धरून ठेवलं.

कमळीने डोळे मिटले. जयदेव श्वास रोखून तिच्या चेहऱ्याकडे पाहत राहिला. कितीतरी वेळाने तिच्या भुवया वर गेल्या आणि ओठ हळूच विलगले.

कुठे, असं त्याने विचारलं नाही. अलगद वल्हं ठेवलं आणि तो जाळं मोकळं करू लागला.