कागदाबाहेरचा रकाना

आमच्या कचेरीत एक रीत आहे. ज्याच्या हातून चूक होईल, त्याने शुक्रवारी सगळ्यांसाठी केक आणायचा. केक खाल्ला की विषय संपला, पुन्हा कुणी बोलायचं नाही. बावीस वर्षांत मी एकदाही आणला नव्हता आणि त्याचा मला माज होता.

एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांकडे आमच्या कचेरीतल्या बायका जेवण घेऊन जातात. कुणी कुठे, किती वाजता जायचं तो तक्ता मी कॉम्प्युटरवर करते. त्या आठवड्यात आमचा साहेब हेनिंग म्हणाला, "सोल्वाय, औषधांचा एक रकाना वाढव." वाढवला, आणि तक्ता पानात मावेना. एक कड आत ओढली की दुसरी बाहेर. अक्षर बारीक केलं तर कुणाला वाचता येईना. तासभर झटापट केली. शेजारी कुणालाही विचारलं असतं तर दोन मिनिटांचं काम. पण बावीस वर्षांनी विचारायचं? झाकली मूठ सव्वा लाखाची. छापला. शेवटचा, शेऱ्याचा रकाना कागदाबाहेर गेला होता. मला दिसलं. शेरे कोण वाचतं, म्हणून तसाच देऊन टाकला.

त्या रकान्यात होतं: 'फोल्मर. या रविवारी मुलगी येणार नाही, जेवण पोचवणे.'

त्र्याऐंशी वर्षांचा फोल्मर रविवारभर खिडकीत उपाशी बसून राहिला. "सुट्टीच्या दिवशी कुणाला कशाला त्रास, म्हणून फोन नाही केला," असं तो सोमवारी म्हणाला.

रविवारची पाळी टिल्डेची होती. टिल्डे नवी, तिला कायम करायचं की नाही ते महिनाअखेर ठरणार होतं. सोमवारच्या बैठकीत हेनिंगने कॉम्प्युटरवरचा तक्ता दाखवला. "शेरा तर स्पष्ट आहे. वाचला नाहीस का?"

टिल्डेने एकदा माझ्याकडे पाहिलं. "नसेल वाचला."

मी कॉफीत साखर ढवळत बसले. मी साखर घेतच नाही.

शुक्रवारी तिने घरी केलेला सफरचंदाचा केक आणला. हेनिंग म्हणाला, "सोल्वायला मोठा तुकडा दे. ती कधी केक करायला शिकलीच नाही, बिचारीला गरजच पडली नाही." सगळे हसले, मीही हसले. लाज वाटत होती, आणि लाज वाटत असूनही मी खात होते, त्याची जास्त.

नंतर मी बशा विसळत होते तेव्हा टिल्डे आली. सायकलच्या पिशवीतून घडी घातलेला कागद काढून तिने माझ्यासमोर उलगडला. रविवारचा तक्ता.

"शेऱ्याचा रकानाच नाही यात," ती म्हणाली.

"कधी पाहिलंस?"

"सोमवारी. बैठकीच्या आधी."

"मग बोलली का नाहीस गं?"

"वाटलं, तू बोलशील. आज केक कापेपर्यंत वाट पाहिली."

कागद तिथेच ठेवून ती गेली. चार शब्द सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं. मी हात पुसले, कागद उचलला आणि हेनिंगच्या दारात जाऊन उभी राहिले.

"ये ना," तो म्हणाला. "केक छान झाला होता, नाही?"

"तो मी आणायला हवा होता," मी म्हणाले.