मंगळसूत्रातून उतरलेली पिन

मी एक साधी सेफ्टी पिन बोलतेय. नाक मुरडू नका! करोलबागेत डझनाच्या गुच्छातून सुटले ती थेट वीणाच्या मंगळसूत्रात जाऊन बसले. सोन्याशेजारी जागा मिळाल्यावर मग काय विचारता! पदर टाचा, नाडी ओवा, अडल्यानडल्याला मीच.

नोएडात तेव्हा इमारती नव्या आणि शेजारी त्याहून नवे. वीणाचा नवरा अशोक परदेशी कंपनीत, घरात असून नसल्यासारखा. आधार होता तो शेजारच्या सुमित्राताईंचा. वीणाच्या चार महिन्यांच्या लेकीला, अश्लेषाला, न्हाऊमाखू त्याच घालायच्या.

एकदा मोकळ्या प्लॉटमधून येताना सुमित्राताईंच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला. वीणाने माझ्या टोकाने तो काढला, मला पदराला पुसलं आणि परत अडकवताना स्वतःच्याच बोटात टोचून घेतलं. दोघी हसल्या.

महिन्याभरात सुमित्राताईंचे यजमान गेले. जिन्यात कुजबुज झाली, "एड्स था उनको." वीणा तेव्हा लेकीला पाजत होती. माझ्या टोकाने टोचलेलं बोट तिला आठवलं आणि तिने लेकीला ओढून बाजूला केलं.

त्या दिवसापासून बाटली आली. अशोकला सांगितलं, "दूधच येत नाही रे." साफ खोटं! न्हाणीघरात दूध पिळून टाकायची आणि तोंडात पदर कोंबून रडायची. पुढे तेही आटलं.

मला तिने कचऱ्यात टाकलं नाही. वेचणाऱ्या बाईला टोचेल ना! ग्राइपवॉटरच्या रिकाम्या बाटलीत घालून खिडकीत ठेवलं. एवढी विचारी बाई, पण सुमित्राताईंचं दार काही तिने वाजवलं नाही. त्यांची स्वतःची तपासणी झाली का, हेसुद्धा कुणी विचारलं नाही.

वीणा गुपचूप दाखवायला गेली तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "ऐसे नहीं होता, बेटा. फिर भी तसल्ली के लिए तीन महीने बाद टेस्ट करा लो." वीणाच्या कानात तीन महिने तेवढे शिरले.

आज रिपोर्ट आला. काही निघालं नाही. वीणाने चपलाही न काढता लेकीला उचललं, छातीशी लावलं. अश्लेषाने तोंड फिरवलं आणि बाटलीसाठी टाहो फोडला.

तेवढ्यात शेजारच्या बाल्कनीतून हाक आली, "वीणा, छकुली का रडतेय गं? घेऊ का जरा?"

वीणा शरमेने दाराआड सरकली.

मी आता गंजत चाललेय, माझं काय राहिलंय? पण वीणा, माझं एवढं ऐक. त्यांना ओ दे गं.