रुखमाबाईच्या कापसाचा स्वेटशर्ट

मित्रांनो, मी एक जुना स्वेटशर्ट आहे. रंग दुधी, कोपरं झिजलेली. तरी मला टाकाऊ समजू नका.

जिवतीच्या डोंगरात रुखमाबाईच्या शेतात मी बोंड होतो. त्याआधी एका साली फवारणी करताना तिचा नवरा पोचू चक्कर येऊन बांधावर कोसळला होता. तो बरा झाला, पण रुखमाबाईने फवारणीचा पंप माळ्यावर टाकला तो कायमचा. त्यामुळे मी वाढलो ते शेणखतावर, निंबोळीच्या अर्कावर आणि तिच्या हातच्या निंदणावर. कापूस थोडा कमी आला, पण पांढराशुभ्र आला.

त्याचं सूत झालं, सुताचं मऊ कापड झालं आणि ते जिवतीच्या शिवणकेंद्रात आलं. तिथे करिश्मा आणि तिच्या मैत्रिणी शिवत. दिवेलागणीआधी मशीन बंद होई, मेहनतीचे पैसे वेळेवर मिळत. कुणाला घाई नव्हती, म्हणून माझी शिवण सरळ आली. बाकीचा माल नागपूरला निघाला, तेव्हा करिश्माने मला बाजूला काढलं आणि रुखमाबाईला दिलं.

"बाई, हा तुमच्याच कापसाचा. घालून पाहा."

रुखमाबाईने मला गालाला लावलं. "जन्मभर कापूस इकला," ती म्हणाली, "पन अंगावर आजच आला." लुगड्यावर मी कसा दिसतो याची तिला पर्वा नव्हती. ती मला गावभर मिरवून आली. मी अगदी फुलून गेलो.

मग एके सकाळी कडाक्याची थंडी पडली. शेजारची सोनीबाई चमकदार नायलॉनचं जाकीट घालून शेकोटीपाशी बसली होती. वाऱ्याने जाळ वळला आणि तिच्या बाहीने पेट घेतला. ती किंचाळत पळू लागली.

"पयू नको! खाली बस!" रुखमाबाई ओरडली. तिने मला अंगातून ओढून काढलं, गुरांच्या टाक्यात बुचकळलं आणि सोनीबाईच्या हातावर दाबून धरलं. मी चरचरलो, करपलो, पण चिकटून राहिलो. आग विझली. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, हात वाचला.

माझ्या छातीला मात्र मोठं भोक पडलं होतं. पोचू म्हणाला, "जाऊ दे वं, फरशी पुसाले होईल."

"पुसाले काऊन?" रुखमाबाई भडकली. "सोनीचा हात राखला यानं!"

सोनीबाईने मग आपल्या हिरव्या लुगड्याचा पदर फाडून दिला. करिश्माने त्याचं ठिगळ माझ्या छातीवर शिवलं. मला एखादं पदक मिळाल्यासारखं वाटलं.

मित्रांनो, कपडा घेताना तो कुणी पिकवला, कुणी शिवला, हे जरूर विचारा. थोडेच कपडे घ्या, पण जपून वापरा. सावलीत वाळवा. एखादा उसवला तर सुई-दोरा घ्या.

परवा पोचूच मला घालून बाजाराला निघाला. रुखमाबाई मागे धावली.

"अवो, तो माहा आहे! काढा!"

"थंडी वाजून राह्यली वं!"

भर रस्त्यात दोघांनी माझी एकेक बाही धरली. येणारेजाणारे हसत थांबले. मित्रांनो, आमच्यावर प्रेम करा, खूप करा. फक्त बाह्या ओढू नका.