बारावं किट

साथीच्या तिसऱ्या महिन्यात त्या रुग्णालयातली पीपीई किटं अंगावरून उतरवली तरी उभीच राहू लागली. नर्स आतून निघून आंघोळीला जायची आणि पांढरं किट तिथंच, खांदे पाडून, ताटकळत राहायचं. दोन दिवसांत परिपत्रक आलं: उभे किट कापून बसवावे, लाल पिशवीत भरावे, बांधलेली पिशवी उघडू नये. आपल्याकडे परिपत्रकाला कशाचंच नवल वाटत नाही.

कापायचं काम सफाईवाल्या शेवंतामावशीकडे आलं. किटं बिचारी गरीब होती. कात्री दिसली की आपणहून दोन्ही हात वर करायची. डाव्या मनगटापासून काखेपर्यंत कापलं की मटकन खाली बसायची. मग पिशवी यंत्राकडे जायची, आणि तिथं सगळ्याचा उकडून चुरा व्हायचा.

मावशीची लेक कल्याणी त्याच वॉर्डात नर्स होती. किटात सगळे सारखेच दिसतात, म्हणून छातीवर मार्करनं नाव लिहीत. सोमवारी कल्याणीचं किट गुणगुणत उभं राहिलं. मावशीनं ते कापलं, आणि लेकीचं गुणगुणणं थांबलं. मंगळवारी किट खदखदून हसलं. मावशीनं तेही कापलं. नियम तो नियम. त्यानंतर कल्याणी हसली नाही. आईनं आणलेला डबा मात्र ती मुकाट्यानं खायची.

गुरुवारी किट म्हणालं, "आई."

तेवढ्यात कल्याणी ओल्या केसांनी बाहेर आली. मावशीकडे बघून म्हणाली, "मावशी, सरका जरा."

सगळं जग तिला मावशी म्हणायचं, ही एकटीच तेवढी आई म्हणणारी. तिनं किटाचा हात धरला, त्याला जिन्याखाली नेऊन लपवलं. उद्या हेच किट पोरीला घालायचं, म्हणजे जे राहिलंय ते परत अंगात जाईल.

"आवाज नको करू हं, बाळा," ती म्हणाली.

उरलेली किटं कापून होताच मुकादम पिशव्या बांधायला आला. "बारा आत गेली होती. ही अकराच आहेत, मावशी."

"अकराच होती, साहेब."

त्यानं भिंतीशी पाहिलं. तिथं कल्याणी पांढऱ्या गणवेशात उभी होती, खांदे पाडून.

"हे काय, उभं आहे की."

"साहेब, ती माझी पोरगी आहे! कल्याणी, बोल ना गं काहीतरी!"

मुकादमानं तिच्या छातीवरची नावाची पट्टी वाचली. "नाव आहे. मग आपलंच," असं म्हणून त्यानं कात्री मावशीच्या हातात दिली.

कात्री दिसताच कल्याणीनं दोन्ही हात वर केले.

जिन्याखालून हाक आली, "आई, झालं का गं तुझं?"