चित्र माझं, तोंड मॉनिटरचं

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे, आणि स्वभावानं मत्सरी आहे. हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं ऐकताना तुम्ही म्हणाल, 'बिचाऱ्यानं किती सोसलं!' मी बिचारा वगैरे नाही.

मी राहुरीला शुभांगीच्या घरी आलो तेव्हा ती बारावीत होती. घरी कुणी आलं की मला बैठकीत आणून दाखवायचे. वापर झाला की ती मला ओढणीत गुंडाळून ठेवायची. पुढे मी थकलो. सुरू व्हायलाच इतका वेळ घ्यायचो की तोवर तिचा चहा पिऊन व्हायचा. तेव्हा तिचा मामेभाऊ प्रवीण यानं माझ्यात लिनक्स नावाची हलकी प्रणाली बसवली आणि मी पुन्हा पळायला लागलो. "म्हातारा लई चपळ झाला की!" असं घरातले म्हणाले. ते वाक्य मी अजून विसरलेलो नाही.

आणि मग तो आला. बावीस इंची मॉनिटर!

त्याची मान आखूड होती, म्हणून माझं झाकण बंद करून त्याला माझ्याच डोक्यावर उभं केलं. मी त्याचा पाट झालो. शुभांगीनं टायपिंगला वेगळा कीबोर्ड जोडला, सेटिंगमध्ये जाऊन माझा पडदा बंद केला आणि सगळं चित्र त्याच्याकडे वळवलं. विचार मी करायचा, तापायचं मी, आणि कौतुक मात्र त्याचं.

त्या वर्षी शुभांगी तिच्या आत्याच्या आठवणी टाइप करत होती. आक्काबाई आत्यानं कृषी विद्यापीठाच्या ज्वारीच्या शेतात एकतीस वर्षं रोजंदारी केली. कणसांना कागदी पिशव्या बांधल्या, पाखरं हाकली, वाणांचे नंबर तोंडपाठ केले. हजेरीपटावर मात्र तिचा अंगठाच उमटला. बुद्धविहाराची भीमजयंतीची स्मरणिका निघणार होती आणि तिच्या आठवणी त्यात यायच्या होत्या.

"माझं नाव छापल्यालं एकदा बघायचंय बाई," ती म्हणायची. अक्षरं ती साक्षरतेच्या वर्गात म्हातारपणी शिकली होती. ती मॉनिटरजवळ डोळे नेऊन म्हणाली, "ह्याचं अक्षर बघ कसं मोत्यावानी हाय!"

ह्याचं? अक्षर माझं होतं, मित्रांनो! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. रागानं पंखा असा घरघरला की शुभांगीनं माझ्याखाली दोन पुस्तकं सरकवली. मॉनिटरला वारा मिळावा म्हणूनच असेल, असं मला वाटलं.

एप्रिल उजाडला आणि शुभांगीचा भाऊ सम्राट अभ्यासासाठी मॉनिटर नगरला घेऊन गेला. मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. शुभांगीनं माझं झाकण उघडलं. मी पासवर्ड विचारला, तिनं दिला, आणि माझा पडदा काळाठिक्कर पडला. तिनं मला तीनदा बंद-चालू केलं. तिन्ही वेळा तेच झालं.

छापखान्याला मजकूर संध्याकाळपर्यंत द्यायचा होता. दुसरीकडे कुठेच प्रत नव्हती. 'पेनड्राइव्हवर उद्या घेते,' असं ती महिनाभर म्हणत होती.

ती मला पिशवीत घालून बाजारपेठेतल्या दुकानात घेऊन गेली. आत्याही सोबत आली. दुकानदारानं मला उलटंपालटं केलं. "ताई, ह्याला फॉरमॅट मारावा लागंल. आतलं समदं जाईल."

"समदं म्हंजी? माझं नाव बी?" आत्यानं विचारलं.

आत्या पदर सावरून बाकावर बसली. मी घाबरलो. मला काय झालंय, हे माझं मलाच कळत नव्हतं.

शुभांगीनं तिथूनच प्रवीणला फोन लावला.

"पडदा पासवर्डच्या आधी काळा होतो का नंतर?"

"नंतर, दादा."

"मग पाहुण्यांच्या खात्यातून आत जाऊन बघ."

ती गेली. माझा पडदा लख्ख उजळला. पाहुण्याला सगळं घर दिसत होतं आणि घरच्यांनाच नाही! पण आत्याच्या आठवणी शुभांगीच्या खात्यात, कुलपाआड होत्या.

"म्हणजे पडदा ठणठणीत आहे, तुझ्या खात्यातच घोळ आहे. तू मॉनिटर जोडला होतास ना?"

"व्हय, पण तो सम्राटनं नेला."

प्रवीण हसायला लागला. "अगं, हा लॅपटॉप अजून चित्र त्यालाच पाठवतोय!"

मित्रांनो, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. 'माझा पडदा बंद, चित्र मॉनिटरला' हा हुकूम मी एका छोट्या फाइलमध्ये लिहून ठेवला होता. ज्याचं नाव ऐकलं तरी माझा पंखा फिरायचा, त्याचंच नाव मी पोटाशी धरून बसलो होतो.

प्रवीणनं तीन बटणं एकदम दाबायला सांगितली: कंट्रोल, आल्ट, एफ-दोन. चित्राशिवाय नुसत्या अक्षरांचा पडदा आला. तिथं पासवर्ड देऊन शुभांगीनं फाइलींची यादी काढली.

"आत्या, तुझी फाइल हाय! ही बघ!"

"आता ती मॉनिटरवाली फाइल शोध. पुसू नको, नावापुढे 'जुना' लिहून बाजूला ठेव," प्रवीण म्हणाला.

तिनं तसं केलं आणि मला पुन्हा सुरू केलं. पासवर्ड दिला आणि माझ्या पडद्यावर ज्वारीच्या शेताचा फोटो आला. मजकूर वेळेत गेला. आणि आता तोही 'जुना' झाला, या विचारानं मी दोन दिवस खूश होतो. स्वभावाला औषध नाही!

जयंतीला स्मरणिका आली. आत्यानं आपल्या नावावरून बोट फिरवलं. आ, क्का, बा, ई. मग पुन्हा पहिल्यापासून. सगळे त्या पुस्तकाभोवती जमले, माझ्याकडे कुणी बघेना. मला त्या कागदाचा हेवा वाटलाच.

मित्रांनो, जुन्या यंत्राचा पडदा काळा झाला की लगेच आतलं सगळं पुसायला निघू नका. आधी विचारा, याचं लक्ष कुठे अडकलंय? आणि मोलाच्या गोष्टीची दुसरी प्रत ठेवा, आजच.

संध्याकाळी आत्यानं ती स्मरणिका आणून माझ्या मिटलेल्या झाकणावर ठेवली, जिथं तो मॉनिटर उभा असायचा अगदी तिथंच. माझा पंखा फिरणार, इतक्यात तिनं झाकणावर हात ठेवला.

"ह्याच्याच पोटात हुतं माझं नाव," ती शुभांगीला म्हणाली. "लई जपलं बिचाऱ्यानं."

बिचारा म्हणाली मला. म्हणू दे.